दारात आलेला कंत्राटदार आणि तीन दिवसांची मुदत

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्यात म्हण आहे. ज्याने ती केली त्याला घराची दुरुस्ती करून पाहण्याचा योग आला नसावा; नाहीतर त्याने तिसरे कलम खात्रीने जोडले असते. घर बांधताना माणूस सावध असतो, चार जाणत्यांना विचारतो, नकाशा दहा वेळा उलगडून पाहतो. दुरुस्तीच्या वेळी मात्र छत गळत असते, पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि दारात उभा असलेला माणूस म्हणत असतो, "ताई, आज हो म्हणालात तर हा भाव. उद्या मला परवडायचा नाही."

गेल्या वर्षी मे महिन्यात हा प्रसंग माझ्यावर आला. आमच्या गच्चीखालच्या खोलीत दोन पावसाळ्यांपासून ओल येत होती. एके दुपारी नीटनेटक्या कपड्यांतले दोन तरुण आले. शेजारच्या इमारतीचे काम नुकतेच संपले आहे, माल उरला आहे, तुमची गच्ची फुकट तपासून देतो, असे म्हणाले. एकजण वर गेला आणि गिलाव्याचा एक ढलपा हातात घेऊन खाली आला. "काकू, हा स्लॅब या पावसाळ्यात राहील असे वाटत नाही. खाली नातवंडे झोपतात ना?" झाले! एका जुन्या साडीवर एक पातेले की दोन वाट्या, यासाठी बोहारणीशी अर्धा पाऊण तास घासाघीस करणारी मी. पण त्या दुपारी चाळीस मिनिटांत इंग्रजीतल्या कागदावर सही केली आणि वीस हजार रुपयांचा विसार मोबाईलवरून देऊन मोकळी झाले. कामाच्या नावाखाली गच्चीवर पांढऱ्या रंगाचा एक हात फिरला. जुलैच्या पहिल्या झडीत खोली पूर्वीसारखीच गळू लागली, आणि त्या क्रमांकावर फोन कोणी उचलीना.

पैसे गेले याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठी होती ती लाज. आठ दिवस मी घरात कोणाला काही बोलले नाही. शेवटी मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीत सहज बोलून गेले, तेव्हा तिघीजणींनी आपापली अशीच हकीकत सांगितली. त्यांतल्या एकीचे माझ्या दुप्पट पैसे गेले होते आणि दोन वर्षे तिने हे स्वतःच्या मुलालाही सांगितले नव्हते. त्या दिवसापासून मनाने घेतले की, हा प्रकार आला तरी कुठून, आणि जगात इतरत्र बायकांनी त्यावर काही उपाय केला की नाही, याचा शोध घ्यावा. शोध घेता असे दिसले की, अमेरिकेत या प्रकाराला नव्वद वर्षांचा सलग इतिहास आहे. तो मनोरंजक आहे आणि आपल्या उपयोगाचाही आहे. म्हणून संपादिकाबाईंनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घेतला.

गोष्टीचा आरंभ एका चांगल्या हेतूने झाला, हे आधी सांगितले पाहिजे. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. बांधकामाचा धंदा बसला, सुतार, गवंडी, रंगारी बेकार झाले, आणि लोकांची घरे डागडुजीवाचून पडू लागली. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने २७ जून १९३४ रोजी राष्ट्रीय गृहनिर्माण कायदा केला. त्यातून केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन नावाचे खाते निघाले. या कायद्याच्या पहिल्या भागात घरदुरुस्तीच्या कर्जाची सोय होती. बँकेने घरमालकाला दोन हजार डॉलरपर्यंत कर्ज द्यावे. ते बुडाले तर सरकार भरून देईल. अट इतकीच की, बँकेने या योजनेत दिलेल्या एकूण कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंतच ही हमी लागू राहील. घर गहाण ठेवण्याची गरज नाही, जामीनदार नको, नुसती वचनचिठ्ठी पुरे. गावोगावी समित्या नेमल्या गेल्या आणि स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन लोकांना दुरुस्ती करून घेण्याचा आग्रह केला. म्हणजे दारात जाऊन घरदुरुस्तीचे महत्त्व पटविण्याची चाल सरकारनेच आधी पाडली, असे म्हणावयास हरकत नाही. हजारो हातांना काम मिळाले, लाखो घरे सुधारली. योजना वाईट नव्हती.

वाईट होती ती तिच्यातली एक फट. व्यवहार कसा होई ते नीट पाहू. कंत्राटदार घरी येई, कामाचा करार करी, आणि कर्जाचा अर्जही तोच भरून घेई. काम झाले की घरमालक 'काम समाधानकारक पूर्ण झाले' अशा दाखल्यावर सही करी. तो दाखला आणि वचनचिठ्ठी घेऊन कंत्राटदार बँकेत जाई आणि रोख पैसे उचली. पुढे हप्ते फेडावयाचे घरमालकाने, तेही बँकेला. बँक काम पाहावयास येत नसे, कारण कर्ज बुडाले तरी सरकार भरून देणार होते. कंत्राटदाराला पुन्हा त्या दारात जाण्याचे कारण नसे, कारण त्याचे पैसे मिळालेले असत. तेव्हा चुकीचा सारा भार एकाच माणसावर, म्हणजे घरात राहणाऱ्यावर येऊन पडे. जिथे काम पाहणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि नुकसान सोसणारा तिसरा, तिथे लबाडीला रान मोकळे मिळते. आपल्याकडच्या कितीतरी सार्वजनिक कामांतही हेच दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या फटीतून एक नवीन जात शिरली. युद्धाच्या वर्षांत घरांकडे लक्ष देता आले नव्हते; आता लोकांच्या हाती पैसा आला होता. अमेरिकेतील घरे बहुतेक लाकडी फळ्यांची. त्यांना दर काही वर्षांनी रंग द्यावा लागतो. त्या फळ्यांवर अॅल्युमिनियमच्या रंगीत पट्ट्या बसवून द्यावयाच्या, म्हणजे पुन्हा रंगाची कटकट नको, असा धंदा जोरात सुरू झाला. माल स्वतः काही खोटा नव्हता. पण तो विकण्याच्या रीती अशा होत्या की, त्या विक्रेत्यांना लोकांनी दोन टोपणनावे ठेवली. एक 'स्वेडच्या बुटांची पोरे', कारण ते भपकेबाज पोशाखात येत. आणि दुसरे 'सुरुंगवाले', कारण ते गिऱ्हाइकाचा नकार सुरुंग लावून उडवीत.

त्यांच्या युक्त्या ऐकल्या तर, भगिनींनो, त्या ओळखीच्या वाटतील. पहिली युक्ती नमुन्याच्या घराची. "या गल्लीत आम्हाला एकच घर नमुना म्हणून करावयाचे आहे. तुमचे घर पाहून जो जो गिऱ्हाईक येईल त्याच्यामागे तुम्हाला इतके डॉलर मिळतील. म्हणजे तुमचे काम फुकटात पडेल." ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगितलेली असे. दुसरी युक्ती पडत्या भावाची. आधी अवाच्या सवा किंमत सांगावयाची, मग मालकाला फोन केल्याचे नाटक करावयाचे, आणि केवळ आजच्या रात्रीपुरती सूट मिळाली म्हणून सांगावयाचे. तिसरी, पती आणि पत्नी दोघे घरी असतील अशीच वेळ धरावयाची, म्हणजे "यांना विचारून सांगते" हा बायकांचा हुकमी बचाव उरत नाही. चौथी, कागदांची चळत पुढे ठेवून एकामागून एक सह्या घ्यावयाच्या. त्या चळतीतच 'काम पूर्ण झाले' हा दाखलाही कामाच्या आधीच सरकवावयाचा. पाचवी, सही होताच दुसऱ्या दिवशी उजाडताच माणसे पाठवून भिंत उकलावयास घ्यावयाची, म्हणजे मन बदलले तरी मागे फिरता येऊ नये. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे विक्रेत्याचे न उठणे. तो तीन तीन, चार चार तास बसून राही. घरात आलेल्या माणसाला ऊठ म्हणणे सभ्य गृहिणीला जड जाते, हे त्याला पक्के ठाऊक असे. आपल्या सभ्यतेचेच तो भांडवल करी.

हा घडा १९५४ च्या एप्रिलमध्ये फुटला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारने गृहनिर्माण प्रशासनाचे आयुक्त गाय हॉलिडे यांना पायउतार व्हावयास लावले आणि सिनेटच्या बँकिंग समितीने होमर केपहार्ट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आरंभिली. वॉशिंग्टनबाहेरच्या शहरांतही साक्षी घेण्यात आल्या. भाड्याच्या मोठ्या इमारती बांधणाऱ्यांनी सरकारी हमीचा गैरफायदा घेऊन केलेली लूटही याच चौकशीत बाहेर आली. वर्तमानपत्रांना ती अधिक रुचली, कारण तिच्यात आकडे मोठे होते. पण संसाराच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो घरदुरुस्तीचा भाग. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवीन गृहनिर्माण कायदा झाला. त्यात इतर सुधारणांबरोबर एक साधी तरतूद केली गेली : कर्ज बुडाले तर दहा टक्के तोटा बँकेने सोसावा. स्वतःचा दहावा हिस्सा अडकला, तेव्हा बँकेला कंत्राटदाराची चौकशी करावीशी वाटू लागली. लाखो गृहिणींच्या तक्रारींनी जे साधले नव्हते, ते या एका टक्केवारीने थोडेफार साधले.

तथापि ज्यांनी सरकारी कर्जाचा आधार घेतला नव्हता ते मोकळेच होते. त्यांतले सर्वांत गाजलेले उदाहरण भट्टीच्या कंपनीचे आहे. थंड मुलुखात तळघरातली भट्टी पेटवून सगळे घर ऊबदार ठेवतात. हिवाळ्यात ती बंद पडली तर जिवावरचे संकट. मिशिगन राज्यातील हॉलंड गावची 'हॉलंड फर्नेस' ही या धंद्यातली मोठी कंपनी. तिच्या शाखा देशभर होत्या आणि माणसे हजारोंनी. व्यापारावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय व्यापार आयोगापुढे तिच्यावर असा आरोप आला की, तिचे विक्रेते तपासनीस असल्याची बतावणी करून घरात शिरतात, मालकाच्या परवानगीवाचून भट्टी खोलून तिचे भाग सुटे करतात, आणि मग सांगतात की ही भट्टी धोक्याची आहे, हिच्यातून विषारी वायू निघून घरातली माणसे गुदमरतील, आम्ही ही पुन्हा जोडून देणार नाही. बाहेर बर्फ, घरात लेकरे, आणि भट्टीचे तुकडे जमिनीवर! अशा वेळी नव्या भट्टीच्या करारावर सही न करणारी आई कोठे सापडेल? माझ्या गच्चीवरचा ढलपा आणि ही सुटी केलेली भट्टी यांत मला तरी फरक दिसत नाही.

आयोगाने १९५४ मध्ये तक्रार दाखल केली आणि १९५८ मध्ये या रीती बंद करण्याचा हुकूम दिला. कंपनी अपिलात गेली आणि विक्री चालूच राहिली. शेवटी न्यायालयाच्या हुकमाचा अवमान केला म्हणून १९६५ मध्ये कंपनीला एक लाख डॉलर दंड झाला आणि तिचे माजी अध्यक्ष पॉल चेफ यांना सहा महिन्यांची कैद सुनावण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ च्या जूनमध्ये तेथेही शिक्षा कायम राहिली. तक्रारीपासून शिक्षेपर्यंत एक तप उलटले. विक्रेत्यांच्या वर्तनाबद्दल वरच्या खुर्चीतला माणूस तुरुंगात जातो, ही गोष्ट व्यापारी जगाला नवीन होती. पण सामान्य गृहिणीला या बारा वर्षांत एक गोष्ट कळून चुकली : लबाडी झाल्यानंतर दाद मागणे फार लांबचे, फार खर्चाचे काम आहे. उपाय हवा तो सहीच्या दिवशी हाताशी असणारा.

तो उपाय निराळ्या दिशेने आला. इंग्लंडमध्ये हप्त्यावर माल विकणारे विक्रेते घरोघर जाऊन गृहिणींना गळ घालीत. तेथील ग्राहक-संरक्षणाचा विचार करणाऱ्या मोलोनी समितीने १९६२ मध्ये अहवाल दिला, आणि १९६४ च्या भाडेखरेदी कायद्याने घरी बसून केलेला असा करार चार दिवसांच्या आत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला दिला. डोके थंड होण्याची मुदत, असे तिचे नाव पडले. कल्पना किती साधी आहे पाहा. विक्रेत्याचे सगळे सामर्थ्य त्याच्या समोर बसण्यात असते. तो उठून गेला, रात्र मध्ये गेली, सकाळी चहा पिताना नवरा-बायकोचे बोलणे झाले, शेजारणीने भाव सांगितला, की निम्मी जादू उतरते. कायद्याने विक्रेत्याचे तोंड बंद केले नाही. फक्त त्या रात्रीनंतरची सकाळ गृहिणीला परत मिळवून दिली.

अमेरिकेतही याच सुमारास वारे फिरले होते. मेरीलंड राज्याने १९६२ मध्ये घरदुरुस्तीच्या कंत्राटदारांना परवाना सक्तीचा केला आणि त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्याच राज्यातील बाल्टिमोर शहरातल्या पत्रेविक्यांवर पुढे १९८७ साली बॅरी लेव्हिन्सन यांनी 'टिन मेन' हा चित्रपट काढला; त्यातील कथा १९६३ मधली आहे. अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी संसदेला संदेश पाठवून ग्राहकाचे चार हक्क सांगितले : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन म्हणून पाळतात तो यामुळेच.

या चळवळीत स्त्रियांचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या स्मरणिकेत तो मुद्दाम नोंदविला पाहिजे. अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ मध्ये ग्राहकांच्या प्रश्नांसाठी पहिल्या खास सल्लागार म्हणून एस्थर पीटरसन यांना नेमले. त्या आयुष्यभर कामगार चळवळीत वावरलेल्या. १९६७ मध्ये त्यांच्या जागी बेटी फर्नेस आल्या. या बाई म्हणजे टेलिव्हिजनवर वेस्टिंगहाउसच्या फ्रिजची जाहिरात करणारा घराघरांतला परिचित चेहरा. विकण्याची कला जिला पूर्ण अवगत तीच आता ग्राहकांची बाजू मांडू लागली! तिसऱ्या लिओनोर सलिव्हन. पतीच्या निधनानंतर मिसूरीतून निवडून येऊन १९५३ पासून त्या संसदेत बसत होत्या. कर्जावर खरे व्याज किती ते सावकाराने स्पष्ट सांगावे, यासाठी सिनेटर पॉल डग्लस १९६० पासून झगडत होते. प्रतिनिधिगृहात हे विधेयक अधिक कडक करून पुढे नेण्याचे श्रेय सलिव्हनबाईंना जाते.

२९ मे १९६८ रोजी तो कायदा झाला. त्यात घरदुरुस्तीसंबंधी एक फार मोलाचे कलम आहे. अनेक गृहिणींची समजूत अशी की, आपण हप्त्याने पत्रे बसवून घेतले. पुढे हप्ता थकला तेव्हा कळे की, सह्यांच्या चळतीत राहते घरच गहाण पडले आहे. म्हणून कायद्याने ठरविले की, राहते घर अशा रीतीने तारण म्हणून गुंतत असेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांत करार रद्द करता येईल. आणि ती मुदत संपेपर्यंत पैसेही द्यावयाचे नाहीत आणि कामही सुरू करावयाचे नाही. उजाडताच भिंत उकलावयास येणाऱ्यांना हे बरोबर उत्तर होते.

राहिलेले काम व्यापार आयोगाने केले. त्याने १९७२ मध्ये नियम केला आणि तो ७ जून १९७४ पासून अमलात आला. घरी येऊन पंचवीस डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची विक्री केली, तर ग्राहकाला तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ती रद्द करता येते. कारण देण्याची गरज नाही. विक्रेत्याने हा हक्क तोंडी सांगितला पाहिजे, रद्द करण्याचा छापील नमुना दोन प्रतींत दिला पाहिजे, आणि करार रद्द झाला तर दहा कामकाजाच्या दिवसांत पैसे परत केले पाहिजेत. यातले मला सर्वांत आवडलेले कलम असे : ज्या भाषेत बोलून माल विकला त्याच भाषेत करार लिहिलेला असला पाहिजे. मराठीत गोड बोलून इंग्रजी कागदावर सही घेणाऱ्यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

आणखी एक फट उरली होती. कंत्राटदार वचनचिठ्ठी दुसऱ्या पेढीला विकून नाहीसा होई. काम वाईट झाले म्हणून हप्ता अडविला, तर ती पेढी म्हणे, "काम कोणी केले ते आम्हाला ठाऊक नाही, चिठ्ठीवर सही तुमची आहे." मे १९७६ पासून ही पळवाटही बुजविण्यात आली. चिठ्ठी ज्याच्या हाती जाईल त्याच्याविरुद्धही ग्राहकाला मूळ विक्रेत्याबद्दलची तक्रार मांडता येईल, अशी सूचना करारातच छापणे सक्तीचे झाले.

म्हणजे सर्व आलबेल झाले काय? नाही. लबाडी कायद्याच्या मागोमाग वाट बदलीत जाते. पुढच्या काळात तिने घराचे कर्ज फिटलेल्या, पण हाती रोकड नसलेल्या वृद्ध विधवा हेरल्या. त्यांतही काळ्या वस्त्यांतल्या स्त्रिया अधिक, कारण प्रतिष्ठित बँका त्या वस्त्यांकडे फिरकत नसत. छपराच्या दुरुस्तीसाठी जबर व्याजाचे कर्ज, ते फेडण्यास दुसरे कर्ज, आणि शेवटी घर जप्त. १९९४ मध्ये अशा कर्जांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतर २००८ पासून कॅलिफोर्नियात सौरऊर्जेची आणि वीज वाचविणारी कामे घरपट्टीतून फेडावयाची योजना निघाली. हेतू पुन्हा चांगला, आणि फट पुन्हा तीच : दारोदार फिरणारा कंत्राटदारच कर्जाचा अर्ज भरून घेई. आता कागदांच्या चळतीऐवजी हातातल्या काचेच्या पाटीवर बोटाने सही. १९३४ ची गोष्ट जणू पहिल्यापासून सुरू झाली. २०१७ मध्ये त्या राज्याला नवे कायदे करून फेडण्याची ऐपत तपासणे सक्तीचे करावे लागले.

आता आपल्या घरी येऊ. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली; पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि कुटुंबांचे संघ करून महिन्याचा वाणसामान एकत्र आणण्याच्या तिच्या कामात गृहिणींनीच खांदा दिला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला संमती मिळाली. तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन होय. घर बांधून देणे ही 'सेवा' आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहकाला दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. २०१९ चा नवीन कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि बिल देण्याचे नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. सल्ल्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने संगणकावरच्या खरेदीतील तेरा फसव्या रीतींची यादी जाहीर केली. तिच्यात 'खोटी घाई' ही एक आहे. "आज रात्रीपुरतीच सूट" म्हणणारा स्वेडच्या बुटांतला विक्रेता आता पडद्यावर घड्याळ होऊन बसला आहे, एवढेच.

परंतु घरी बसून केलेला कोणताही करार तीन दिवसांत मोडण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. शिवाय कायदा असून मला त्याचा उपयोग करता आला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. माझ्याजवळ बिल नव्हते, पत्ता नव्हता; पावतीवर अक्षरे ओळखू येणार नाहीत अशी सही आणि एक बंद पडलेला फोन. तक्रार करावयाची ती कोणाविरुद्ध?

म्हणून जी मुदत कायदा देत नाही ती आपणच आपल्याला द्यावी, असे मला सुचवावयाचे आहे. दारात येऊन काम मागणाऱ्याला तीन रात्री गेल्याशिवाय होकार द्यावयाचा नाही. "आमच्या मंडळाचा नियम आहे," असे सांगावे. नियमाच्या आड उभे राहिले की सभ्यताही राखली जाते आणि पैसेही. तीन रात्रींत आणखी दोन ठिकाणचे भाव आणावे. ज्याने दोष दाखविला त्याच्याकडूनच दुरुस्ती न करता, आधी दुसऱ्या माहीतगाराला तो दोष दाखवावा. दुकानाचा पत्ता स्वतः पाहून यावा. करार मराठीत लिहून मागावा. त्यात कोणता माल, किती हात, किती वर्षांची हमी हे असावे. विसार थोडा, उरलेले पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे, आणि शेवटचा हप्ता एक पाऊस पडून गेल्यावर. 'काम पूर्ण' या कागदावर काम पूर्ण झाल्यावरच सही. खरा कारागीर या अटींनी बिघडत नाही, आमचे जुने गवंडी तर आपण होऊन म्हणत, "पाऊस पडू द्या, मग द्या पैसे." जो तीन रात्री थांबावयास तयार नाही, त्याने आपले उत्तर स्वतःच दिले असे समजावे.

दुसरी सूचना मंडळासाठी. आपल्या कार्यालयात एक वही ठेवावी. ज्या भगिनीने घराचे जे काम करून घेतले ते तिने तीत लिहावे : काम कोणते, चौरस फुटाला भाव काय पडला, दोन पावसाळ्यांनंतर काय स्थिती आहे. आणि जी फसली तिनेही लिहावे; विशेषेकरून तिनेच. अमेरिकेत भट्टीवाल्यांचा कारभार उघडा पडला तो फसलेल्या माणसांनी तोंड उघडले म्हणून. ती गप्प बसली असती तर प्रत्येकीला वाटले असते की, मूर्ख काय ती मी एकटीच.

त्या वहीचे पहिले पान मी माझ्या गच्चीच्या हकीकतीने, वीस हजारांच्या आकड्यासह, भरून दिले आहे. दोन वर्षे गप्प राहिलेल्या आमच्या मैत्रिणीने दुसरे पान मागून घेतले आहे. तिसऱ्या पानाची वाट पाहत आहे.